अडतं कुठे, ते आधी शोधा

गेम आणि काम दोन्ही पेलेल असा तगडा कॉम्प्युटर जोडायचा ठरला, की बहुतेकांची यादी एकाच पद्धतीने तयार होते. प्रत्येक रकान्यात बाजारातली सगळ्यात वरची वस्तू लिहायची, बेरीज करायची आणि आकडा आवाक्याबाहेर गेला की एकेक वस्तू स्वस्त करत जायचं. कात्री पहिल्यांदा लागते ती एसएमपीएसला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याला, मग कूलरला, मग कॅबिनेटला, कारण या वस्तूंची नावं कोणी मिरवत नाही. अशा यादीतून महागडा कॉम्प्युटर नक्की मिळतो. तो आपल्या कामाचा असेलच, याची मात्र खात्री नसते.

कॉम्प्युटरमधला प्रत्येक भाग सतत दुसऱ्या कुणाची तरी वाट पाहत असतो. प्रोसेसर रॅमची वाट पाहतो, ग्राफिक्स कार्ड प्रोसेसरची, आणि आपण या सगळ्यांची. ठरावीक कामात, ठरावीक क्षणी, साधारणपणे एकच भाग बाकीच्यांना अडवून धरतो. पैसे त्या भागावर घातले तर फरक दिसतो, दुसरीकडे घातले तर फक्त बिल वाढतं. म्हणून दुकानात कोटेशन मागण्याआधी आपल्या कामात घोडं नेमकं कुठे पेंड खातं, ते शोधायला हवं. या प्रकरणाची सुरुवात तिथूनच करू.

एका फ्रेमचा प्रवास

गेम खेळताना पडद्यावर उमटणारं प्रत्येक चित्र, म्हणजे फ्रेम, दोन टप्प्यांत तयार होते. त्या क्षणी खेळातल्या जगात काय चाललंय, हे आधी प्रोसेसर ठरवतो: कोण कुठे उभं आहे, गोळी कुठवर पोहोचली, भिंत कोसळली की नाही. मग तो ग्राफिक्स कार्डाला आज्ञा देतो आणि कार्ड एकेक पिक्सेल रंगवतं. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक टप्प्याला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हव्या असतील तर ६.९ मिलिसेकंद आणि २४० हव्या असतील तर जेमतेम ४.२. दोघांपैकी ज्याला जास्त वेळ लागेल, त्याच्या चालीने खेळ चालतो.

पडद्यावरचे पिक्सेल वाढले की मुख्यतः कार्डाचं काम वाढतं. १०८०पी पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पीवर ३६.९ लाख आणि ४केवर ८२.९ लाख. प्रोसेसरला पडद्याच्या आकाराशी फारसं देणंघेणं नसतं. भिंत कोसळली की नाही हे ठरवायला तिन्ही पडद्यांवर सारखाच वेळ लागतो. त्यामुळे ४केवर खेळणाऱ्याचं बहुधा ग्राफिक्स कार्डापाशी अडतं, आणि १०८०पीवर सेकंदाला २४० फ्रेम मागणाऱ्याचं प्रोसेसरपाशी.

यातून निघणारा पहिला नियम अनेकांना उलटा वाटतो: यादीची पहिली ओळ मॉनिटरची. मॉनिटर ठरल्याशिवाय कार्ड ठरत नाही आणि कार्ड ठरल्याशिवाय एसएमपीएस ठरत नाही. ज्याला दिवसा आठ तास अक्षरं वाचायची आहेत आणि रात्री गेम खेळायचे आहेत, त्याच्यासाठी २७ इंची १४४०पी किंवा ३२ इंची ४के हे दोन चांगले पर्याय. ओएलईडी पडद्याचा काळा रंग आणि चपळाई दोन्ही अप्रतिम. पण दिवसभर एकाच जागी टास्कबार आणि त्याच त्या खिडक्या उघड्या राहणार असतील, तर त्यांचा पुसट ठसा कालांतराने पडद्यावर उमटू शकतो, हे लक्षात घेऊन निर्णय घ्यावा.

जुना कॉम्प्युटर हाताशी असेल तर अडतं कुठे हे त्याच्यावरच तपासता येतं. नेहमीचा गेम चालू ठेवा आणि टास्क मॅनेजर उघडा. ग्राफिक्स कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड अडवतंय. तो ६०-७० टक्क्यांवर घुटमळत असेल आणि फ्रेमच्या संख्येवर कुठली मर्यादा घातलेली नसेल, तर बहुधा प्रोसेसर अडवतोय. इथे एक फसगत होते. प्रोसेसरचा आकडा पाहावा तर २५ टक्केच दिसतो, मग तो अडवेल कसा? एका वेळी १६ थ्रेड, म्हणजे कामाचे धागे, चालवणाऱ्या प्रोसेसरमध्ये एक थ्रेड म्हणजे एकूण क्षमतेच्या सव्वासहा टक्के. गेमचं मुख्य काम एकाच थ्रेडवर जिवाच्या आकांताने धावत असतं आणि बाकीचे बरेचसे रिकामे बसलेले असतात, म्हणून सरासरी कमी दिसते. खात्री करायची सोपी रीत अशी: गेमचं रिझोल्यूशन खाली आणा. फ्रेम वाढल्या तर कार्ड अडवत होतं. जैसे थे राहिल्या तर प्रोसेसर.

कामाचं गणित वेगळं

कोअर म्हणजे प्रोसेसरमधली स्वतंत्रपणे काम करणारी एककं. कामाच्या बाबतीत 'जितके जास्त कोअर तितकं बरं' हा समज खोलवर रुजलेला आहे. त्याची मर्यादा जीन अ‍ॅमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्येच दाखवून दिली होती. कोणत्याही कामाचा काही भाग वाटून घेता येतो आणि काही भाग एकामागून एकच करावा लागतो. समजा ९० टक्के काम वाटता येतं. मग आठ कोअरवर ते एका कोअरच्या ४.७ पट वेगाने होईल आणि १६ कोअरवर ६.४ पट. कोअर दुप्पट केले, पण वेग वाढला सुमारे ३६ टक्के. कोअर कितीही वाढवले तरी दहापटीच्या पुढे जाताच येणार नाही, कारण उरलेले दहा टक्के काम तसंच रांगेत उभं असतं.

म्हणून आपलं काम किती वाटता येतं, हा खरा प्रश्न आहे. प्रोसेसरवर केलेलं थ्रीडी रेंडरिंग जवळजवळ पूर्ण वाटता येतं, तिथे १६ कोअर सोळा माणसांसारखे राबतात. शेकडो फाइलींचा मोठा प्रोग्रॅम कंपाइल करणं हेही बरंचसं तसंच. फोटोवर एखादा फिल्टर चढवणं, एक्सेलमधलं एकात एक गुंतलेलं गणित, कॅडमधलं एखादं मॉडेल फिरवणं ही कामं मात्र एका वेगवान कोअरवर जास्त अवलंबून असतात.

व्हिडिओ संपादनाचं उदाहरण जरा जवळून पाहू, कारण तिथे पैसे हमखास चुकीच्या जागी जातात. टाइमलाइन अडखळायला लागली की पहिला संशय डिस्कवर येतो आणि लोक सगळ्यात वेगवान एसएसडी घेऊन येतात. आता हिशोब करा. कॅमेऱ्यातून आलेली ४के फाइल सेकंदाला २०० मेगाबिट वेगाची असेल, तर तिला सेकंदाला लागतात २५ मेगाबाइट. साधी सॅटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट देते, म्हणजे अशा वीसेक फाइली ती एका वेळी वाचू शकते. अडचण वाचण्यात नव्हतीच. एच.२६५ या पद्धतीने दाबून भरलेलं चित्र प्रत्येक फ्रेमला उलगडायला लागतं, आणि अडतं ते तिथे.

हे उलगडण्यासाठी प्रोसेसरमध्ये किंवा ग्राफिक्स कार्डात स्वतंत्र यंत्रणा असते. पण ती प्रत्येक प्रकारची फाइल ओळखतेच असं नाही. आजचे बरेच कॅमेरे रंगांची जास्त माहिती ठेवणारी १०-बिट ४:२:२ ही पद्धत वापरतात. इंटेलच्या प्रोसेसरमधली क्विक सिंक यंत्रणा ती कित्येक वर्षांपासून उलगडते. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांना ही क्षमता मिळाली ती २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपासून. त्यामुळे लग्नाचं किंवा माहितीपटाचं चित्रीकरण अशा कॅमेऱ्याने करणाऱ्याने भाग निवडण्याआधी आपल्या कॅमेऱ्याची फाइल कोणत्या पद्धतीची आहे ते पाहावं. त्या एका माहितीने एसएसडीवर जाणारे हजारो रुपये वाचतात आणि टाइमलाइनही सुरळीत चालते.

प्रोसेसर: कॅश की कोअर?

गेमसाठीचे प्रोसेसर गेल्या काही वर्षांत एका वेगळ्याच कारणाने पुढे गेले, आणि ते कारण म्हणजे कॅश. प्रोसेसरच्या पोटातली ही छोटी स्मृती ढोबळमानाने दहा नॅनोसेकंदांत उत्तर देते. रॅमला त्याच्या सहा-सात पट वेळ लागतो. गेममध्ये प्रोसेसरला हजारो वस्तूंची माहिती विस्कळीत क्रमाने लागते. ती कॅशमध्ये सापडली तर काम झटपट होतं, नाहीतर रॅमपर्यंत खेप घालावी लागते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये एएमडीने रायझन ७ ९८००एक्स३डी बाजारात आणला. कोअर आठच, पण तिसऱ्या पातळीची कॅश ९६ मेगाबाइट. त्याच पिढीच्या आठ कोअरी ९७००एक्समध्ये ती ३२ मेगाबाइट आहे. जादा कॅशची चकती आधीच्या पिढीत कोअरच्या डोक्यावर बसवलेली असायची. त्यामुळे उष्णता कूलरपर्यंत पोहोचायला अडथळा व्हायचा आणि वेग आवरता ठेवावा लागायचा. या पिढीत ती चकती कोअरच्या खाली गेली. कोअर थेट कूलरच्या बाजूला आले आणि वेग वाढवता आला.

गेमइतकंच काम महत्त्वाचं असेल तर मार्च २०२५ मध्ये आलेला १६ कोअरी रायझन ९ ९९५०एक्स३डी आहे. त्यात आठ-आठ कोअरचे दोन गट आहेत आणि जादा कॅश एकाच गटाला मिळते. गेम सुरू झाला की विंडोज आणि एएमडीचा ड्रायव्हर मिळून काम त्या गटाकडे वळवतात. त्यामुळे चिपसेटचा ड्रायव्हर आणि विंडोजचा गेम बार अद्ययावत ठेवणं इथे फार गरजेचं आहे. नाहीतर महागडी कॅश असूनही गेम दुसऱ्याच गटावर चालेल. इंटेलचा २४ कोअरी कोअर अल्ट्रा ९ २८५के कामात तगडा आहे आणि क्विक सिंकचा फायदा देतो, पण निव्वळ गेममध्ये तो एक्स३डी प्रोसेसरांच्या मागे राहतो.

मला यातून एकच सूत्र महत्त्वाचं वाटतं. ज्याची रोजी कॉम्प्युटरवर आहे, त्याने कामात वाचणारे तास मोजावेत. सेकंदाला १८० ऐवजी १९० फ्रेम मिळाल्याने कुणाचं आयुष्य बदलत नाही. रोजचा अर्धा तास रेंडर कमी झाला, तर घरी जाण्याची वेळ बदलते.

ग्राफिक्स कार्ड: वेगाआधी मेमरी

कार्ड निवडताना सगळे वेगाचे तक्ते पाहतात. काम करणाऱ्याने आधी कार्डावरची मेमरी पाहावी, कारण वेग कमी असेल तर काम हळू होतं, पण मेमरी कमी पडली तर काम रखडतं किंवा होतच नाही. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधला मोठा देखावा कार्डाच्या मेमरीत मावला नाही, तर कार्डाला मुख्य रॅमकडे खेपा घालाव्या लागतात आणि वेग कोसळतो. घरच्या घरी एआय मॉडेल चालवणाऱ्यांसाठी गणित आणखी थेट आहे. सात अब्ज पॅरामीटरचं मॉडेल १६ बिटांत ठेवलं तर १४ गिगाबाइट लागतात, चार बिटांत आणलं तर साडेतीन. ३२ अब्जांचं मॉडेल चार बिटांतही १६ गिगाबाइट भरतं, आणि चालवायला लागणारी जागा वेगळीच.

जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०९० मध्ये ३२ गिगाबाइट मेमरी आहे. त्याच्याखालच्या ५०८० आणि ५०७० टीआयमध्ये प्रत्येकी १६, आणि एएमडीच्या रेडिऑन आरएक्स ९०७० एक्सटीमध्येही १६. गेमसाठी आजच्या घडीला १६ गिगाबाइट ठीक आहेत. निव्वळ गेमसाठी ५०९० घेण्याची गरज फार थोड्यांना असते. ५०७० टीआय आणि ९०७० एक्सटी १४४०पी उत्तम पेलतात आणि ४केही बऱ्यापैकी निभावतात. थ्रीडी आणि एआयची अनेक सॉफ्टवेअर एनव्हिडियाच्या कूडा प्रणालीवर बेतलेली आहेत. तुमचं सॉफ्टवेअर त्यातलं असेल, तर एएमडीचं कार्ड गेममध्ये कितीही किफायतशीर असलं तरी कामाला एनव्हिडियाच घ्यावं लागतं.

रॅम, एसएसडी आणि मदरबोर्ड

रॅमबाबत तीन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली गोष्ट, किती हवी: गेमला ३२ गिगाबाइट पुरतात, संपादन आणि थ्रीडीला ६४ घ्यावेत. दुसरी, दोनच पट्ट्या घ्या. रायझन ९००० मालिकेत एएमडीने अधिकृतपणे दिलेला वेग दोन पट्ट्यांना ५६०० आहे आणि चारही खाचा भरल्या तर ३६००. 'आत्ता दोन घेऊ, पुढे दोन वाढवू' हा बेत डीडीआर५ मध्ये अंगाशी येतो. ६४ हवे असतील तर सुरुवातीलाच ३२ च्या दोन घ्याव्यात. तिसरी, वेगाबरोबर सीएल, म्हणजे उत्तर यायला लागणाऱ्या ठोक्यांचा आकडा, वाचा. डीडीआर५ ६००० सीएल३० म्हणजे दहा नॅनोसेकंदांची दिरंगाई, आणि जुन्या डीडीआर४ ३२०० सीएल१६ ची दिरंगाईही दहाच. नुसता मोठा आकडा पाहून भुलू नये. रायझनसाठी ६००० सीएल३० ही जोडी चांगली जमते.

रॅमच्या किमतींकडे मात्र डोळे उघडे ठेवून पाहावं लागतं. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी प्रचंड वाढवली आणि २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव कडाडले. त्या डिसेंबरात मायक्रॉनने 'क्रुशल' या नावाने सामान्य ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा काळात कोटेशन आठवडाभरही टिकत नाही, म्हणून रॅमची किंमत बाकी यादी पक्की होताच दुकानदाराकडून पुन्हा विचारून घ्यावी.

एसएसडीचं थोडक्यात आटपतं. पीसीआयई ४.० ची चांगली एसएसडी सेकंदाला सुमारे सात गिगाबाइट वाचते, ५.० ची चौदा. गेम उघडण्याच्या वेळेत या दोघींचा फरक जाणवतही नाही. त्यापेक्षा ४.० च्या दोन घ्या, एक विंडोज आणि सॉफ्टवेअरसाठी, दुसरी चालू कामासाठी. आणि कामाची एक प्रत या कॉम्प्युटरच्या बाहेर ठेवा. ग्राहकाचं काम हातून गेलं तर ते कुठल्याही वेगाने परत येत नाही.

मदरबोर्डवर उधळपट्टी सहज होते. दिवे, चिलखतासारखी झाकणं, भपकेदार नाव यांनी वेग वाढत नाही. पाहायचं ते एवढंच: १६ कोअरला स्थिर वीज देणारी यंत्रणा आणि तिच्यावर पुरेसं उष्णताशोषक आहे का, मागे यूएसबीची तोंडं आपल्याला पुरतील का, आणि दुसरी एसएसडी बसवल्यावर ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याच्या लेन, म्हणजे माहितीची ये-जा होण्याच्या मार्गिका, कमी होत नाहीत ना. ही शेवटची गोष्ट पुठ्ठ्याच्या खोक्यावर लिहिलेली नसते, मॅन्युअलमध्ये असते. खरेदीआधी कंपनीच्या साइटवरून मॅन्युअल उतरवून ते एक पान वाचणं हा दहा मिनिटांचा उद्योग आहे. बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड घ्यावा. बोर्ड जुन्या साठ्यातला निघाला आणि नवा प्रोसेसर ओळखेना, तर पेनड्राइव्हने बायोस अद्ययावत करून वेळ निभावता येते.

वीज: जिथे कात्री लावू नये

आरटीएक्स ५०९० एकटं ५७५ वॅटपर्यंत वीज घेतं, ५०८० ३६० वॅट. एनव्हिडिया पहिल्यासाठी १००० वॅटचा आणि दुसऱ्यासाठी ८५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. सरासरी वापर मोजला तर हे आकडे फुगवलेले वाटतील, पण अडचण सरासरीची नसते. कार्ड क्षणार्धासाठी नेमून दिलेल्या वॅटच्या कितीतरी वर उसळी घेतं. म्हणूनच २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसावा अशी अट आली. जुना किंवा कमअस्सल एसएमपीएस या उसळीला घाबरून बंद पडतो, आणि गेमच्या ऐन भरात कॉम्प्युटर अचानक विझतो. दोष मात्र विंडोजला दिला जातो. एटीएक्स ३.१ आणि किमान गोल्ड दर्जा, ही माझ्या मते इथली लक्ष्मणरेषा.

कार्डाला वीज नेणारा कनेक्टर तर डोळ्यांत तेल घालून बसवावा. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० चे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. तपासात ते पूर्ण न बसवणं हे एक मोठं कारण पुढे आलं. आकडे पाहिले की कारण कळतं. ६०० वॅट १२ व्होल्टवर न्यायचे म्हणजे ५० अँपिअर. ते सहा पिनांत वाटले जातात, प्रत्येकीवर आठ अँपिअरहून थोडा जास्त प्रवाह. घरातला मोठा फ्रीज खेचतो त्याच्या कित्येक पट प्रवाह एवढ्याशा जागेतून जात असतो. दोन पिना नीट टेकल्या नाहीत तर त्यांचा वाटा उरलेल्या चौघींवर पडतो आणि त्या तापतात. सुधारित १२व्ही-२x६ कनेक्टरमध्ये जोड अर्धवट असेल तर कार्डाला कळावं अशी रचना केली. तरी कनेक्टर टक असा बसेपर्यंत दाबणं, फट उरली नाही ना हे बॅटरीच्या उजेडात पाहणं आणि तोंडाशी तीन-चार सेंटीमीटर केबल सरळ ठेवणं हे आपल्याच हातात आहे.

यूपीएसचा हिशोबही करून घ्या. खोक्यावर ६०० व्हीए लिहिलेला घरगुती यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅट देतो. गेम चालू असताना वीज गेली, तर तो क्षणभरही तग धरणार नाही. अशा कॉम्प्युटरला १५०० व्हीएच्या पुढचा आणि शुद्ध साइन वेव्ह देणारा यूपीएस लागतो. आणि कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील, तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थिंग तपासावं. लाखोंचे भाग त्या प्लगवर जोडण्याआधीचं हे काम आहे.

उष्णता: नागपूरचा मे महिना

कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त खोलीच्या तापमानावर किती अंश चढायचे, एवढंच ठरवतो. परदेशातल्या चाचण्या बहुधा २०-२५ अंशांच्या खोलीत होतात. तिथे ८० अंश दाखवणारा प्रोसेसर विदर्भातल्या उन्हाळ्यात ४० अंशांच्या खोलीत ९५ च्या आसपास जाईल, आणि रायझन ९००० ची मर्यादा ९५ च आहे. त्यापुढे तो स्वतःचा वेग कमी करतो. म्हणजे नागपूर-चंद्रपूरच्या माणसाने एसी नसलेल्या खोलीसाठी तक्त्यातल्यापेक्षा एक पायरी वरचा कूलर घ्यावा. दोन पंख्यांचा दणकट एअर कूलर आठ कोअरला पुरतो, १६ कोअरला दिवसभर राबवायचं तर ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर.

एसी असेल तरी हिशोब संपत नाही. ७०० वॅट खाणारा कॉम्प्युटर जवळजवळ तेवढीच उष्णता खोलीत सोडतो. एक टनाचा एसी सुमारे ३५०० वॅट उष्णता बाहेर काढतो, त्यातला पाचवा हिस्सा कॉम्प्युटरच खाणार. कॅबिनेट जाळीदार तोंडाचं घ्यावं. समोरून आत येणारी हवा जाळीतून गाळून यावी आणि ती बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असावी, म्हणजे फटींतून धूळ आत ओढली जात नाही. कोकणात आणि मुंबईत दमट, खारट हवेची भर पडते. तिथे कॉम्प्युटर उघड्या खिडकीशी ठेवू नये.

तीन याद्या

आता हे सगळं तीन प्रकारच्या माणसांना लावून पाहू.

दिवसा व्हिडिओ आणि थ्रीडी करणारा, रात्री ४केवर खेळणारा: त्याचं कार्डापाशी आणि फाइल उलगडण्यापाशी अडतं. ९९५०एक्स३डी किंवा २८५के, ५०८० किंवा देखावे मोठे असतील तर ५०९०, ६४ गिगाबाइट रॅम, दोन-दोन टेराबाइटच्या दोन एसएसडी आणि कार्डाप्रमाणे ८५० किंवा १००० वॅटचा एसएमपीएस.

प्रोग्रॅमर, जो १४४०पीवर सेकंदाला २४० फ्रेमच्या चुरशीच्या स्पर्धा खेळतो: त्याचं प्रोसेसरपाशी अडतं. ९८००एक्स३डी, आणि रोज मोठं कंपाइल असेल तर ९९५०एक्स३डी. ५०७० टीआय किंवा ९०७० एक्सटी पुरे. वाचलेल्या पैशात चांगला मॉनिटर.

घरी एआय शिकणारा: त्याचं कार्डाच्या मेमरीपाशी अडतं, बाकी सगळं दुय्यम. साधा आठ कोअरी प्रोसेसर, ६४ गिगाबाइट रॅम आणि परवडेल तेवढी मोठी मेमरी असलेलं कार्ड. वापरलेलं २४ गिगाबाइटचं आरटीएक्स ३०९० हा अनेकांचा मार्ग आहे, पण तासभर पूर्ण भारावर चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

बिल आणि पहिला आठवडा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये किंवा ऑनलाइन, कुठेही घ्या, बिल पक्कं आणि जीएसटीचं हवं. प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर बिलाशी ताडून पाहावा. प्रोसेसर खोक्यातला आहे की ट्रेमधला, म्हणजे खोक्याविना सुटा, हे स्पष्ट विचारावं. ट्रेमधला स्वस्त पडतो, पण त्याची हमी बहुधा दुकानदाराचीच असते. हमीचं मोल २०२४ मध्ये सगळ्यांना कळलं. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत जादा व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचं उघड झालं. कंपनीने बायोसमधून दुरुस्ती दिली आणि खोक्यातल्या प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढवली. त्या वेळी पक्कं बिल जवळ असलेले लोक निश्चिंत होते.

जोडणी झाल्यावर चार गोष्टी त्याच दिवशी पाहा. मॉनिटरची केबल मदरबोर्डात नको, ग्राफिक्स कार्डात हवी. बायोसमध्ये एक्सपो किंवा एक्सएमपी ही रॅमच्या वेगाची सोय चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० किंवा ५६०० नेच धावत राहील. विंडोजमध्ये मॉनिटरचा रिफ्रेश रेट निवडा, तो पुष्कळदा ६० वरच राहिलेला असतो. आणि रात्रभर मेमरीची चाचणी लावून ठेवा. पहिल्या आठवड्यात रोज दोन-तीन तास पूर्ण भार द्या, म्हणजे कच्चा भाग बदलून मिळण्याच्या मुदतीतच उघडा पडेल.

शेवटचा विचार आयुष्याचा. ग्राफिक्स कार्ड चार-पाच वर्षांत बदललं जातं. एएमडीने एएम५ सॉकेटला २०२७ पर्यंत आणि पुढेही पाठबळ देण्याचं सांगितलं आहे, त्यामुळे त्याच बोर्डावर नवा प्रोसेसर बसू शकेल. चांगल्या एसएमपीएसला दहा वर्षांची हमी मिळते. मॉनिटर आणि कॅबिनेट तर दोन कॉम्प्युटर पाहून जातात. ज्या वस्तू सगळ्यात जास्त काळ राहणार, त्याच आपण यादीत सगळ्यात आधी कापतो. तसं करू नका. वेगाचे भाग आजच्या गरजेपुरते घ्या, आणि वीज, हवा व जागा यांची सोय पुढच्या कार्डाचा विचार करून आजच करून ठेवा.